पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसायचा कसा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझं माहेर वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतलं. कलानगरजवळच्या ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीतच बसून उघड्यावर सिनेमा बघायच्या थिएटरला, मामा त्यांच्या फियाटमधून आम्हा भावंडांना न्यायचे. खिडकीच्या काचेला अडकवलेला स्पीकर आणि डब्यातल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी, एवढं पक्कं आठवतं. परवा नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आज्जी, पुढच्या गाडीच्या टपामुळे मागच्यांना काय दिसणार?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही थिएटरात काम केलंय, तुम्हीच सांगा. आणि एवढं गर्दीचं ठिकाण बंद का पडलं? (एक वाचक, वारजे)

उत्तर : ताई, नातवाने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. ड्राइव्ह-इनचं पेटंट मिळालं ते मुळी याच अडचणीवरच्या उपायाला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेनचे रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी आधी घराच्या आवारातच प्रयोग केले. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर ठोकली, चादरीमागे रेडिओ लावला. पावसात काचेतून कसं दिसेल हे बघायला बागेचं पाणी फवारून पाहिलं. मग गाड्या एकामागे एक उभ्या केल्या आणि पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवत गेले, मागच्याला पडदा पूर्ण दिसेपर्यंत. 16 मे 1933 ला पेटंट मिळालं, 6 जूनला पहिला खेळ झाला. (आपल्याकडे त्याच वर्षी प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली.)

तेव्हा नातवाला सांगा, ती जमीन सपाट नसते. पडद्यासमोर अर्धगोल रांगा आखून प्रत्येक रांगेला मातीचा चढ करतात, शेतातल्या वरंब्यांसारखा. गाडीची पुढची चाकं त्या चढावर चढवायची, म्हणजे गाडीचं नाक वर होतं आणि बसलेल्याची नजर पुढच्या टपावरून थेट पडद्यावर जाते. पुढच्या सीटवरचे सुखात असायचे. मागच्या सीटवरच्या पोरांना मात्र दोन डोक्यांच्या मधून बघावं लागायचं, हे तुम्हा भावंडांना मी सांगायला नको.

मला स्वतःला चढापेक्षा आवाजाचं जास्त कौतुक आहे. मी पुण्यात एकपडदा थिएटरात ऑपरेटर होतो. आमच्या मशीनमध्ये फिल्म आधी गेटमधून जायची, तिथे चित्र पडद्यावर पडायचं, आणि पुढे खाली साउंड हेडवरून गेली की आवाज वाचला जायचा. त्यामुळे कुठल्याही चित्राचा आवाज फिल्मवर वीसेक फ्रेम (फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र) पुढे छापलेला असतो. या दोन जागांच्या मध्ये फिल्मचा एक सैल लूप सोडावा लागतो. रीळ भरताना तो बोटांच्या अंदाजाने जमवायचा. लूप चार-पाच फ्रेमने चुकला तरी ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायची आणि स्टॉलमधून, म्हणजे खालच्या खुर्च्यांमधून, शिट्ट्या सुरू व्हायच्या. सेकंदाला 24 फ्रेम जातात, म्हणजे ही चूक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची, पण पब्लिकच्या कानाला ती कळायचीच.

आता हेच मैदानात लावून बघा. सुरुवातीच्या ड्राइव्ह-इनमध्ये मोठे कर्णे पडद्यापाशीच असायचे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पडद्यापासून 100 मीटरवर उभ्या असलेल्या गाडीत संवाद पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागणार, म्हणजे सात फ्रेम. ऑपरेटरने लूप कितीही नेटका सोडला तरी मागच्या रांगेत हिरो आधी तोंड हलवणार आणि मग बोलणार. शिवाय आजूबाजूच्या घरांची झोपमोड व्हायची ती वेगळीच. तुमच्या मामांच्या खिडकीवरच्या त्या स्पीकरने दोन्ही दुखणी मिटवली. तारेतून वीज जायला वेळ लागत नाही, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या रांगेत शब्द एकाच क्षणी. काच थोडी खाली करून स्पीकर आत अडकवायचा, खेळ संपला की आठवणीने खांबावर परत ठेवायचा. पुढे बऱ्याच ठिकाणी एफएम आला, गाडीचा रेडिओ लावला की झालं.

बंद का पडलं? व्हिडिओमुळे पडलं असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आमच्याकडे बारा, तीन, सहा, नऊ असे चार खेळ चालायचे. उघड्यावर अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे रात्रीचा एक खेळ, फार तर दोन. मुंबईचा पाऊस जूनपासून चार महिने हिशेबातून वजा करा. आणि एका गाडीला उभं राहायला, वळायला जेवढी जागा लागते तेवढ्यात थिएटरात पंचवीस-तीस खुर्च्या सहज बसतात. गाडीत माणसं किती? पाच, तुमच्या मामांच्या फियाटमध्ये आठ धरू. एवढ्या उत्पन्नावर वांद्रे-कुर्ला संकुलाला (बीकेसीला) लागून असलेली जमीन कोण कशी राखणार! 2000 नंतर थोड्याच वर्षांत ते गेलं. अमेरिकेत 1958 च्या सुमारास चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती, त्यांचीही मोठी गळती शहरं वाढून जमिनी महागल्यामुळेच झाली. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचा नियम देशभर आला आणि खेळ आणखी उशिरा सुरू व्हायला लागला, हे त्यातलं दुसरं कारण.

पण नातवाला नुसतं ऐकवत बसू नका, दाखवा. अहमदाबादला थलतेजचं ड्राइव्ह-इन 1973 पासूनचं. तिथे गाडीपुढे सतरंजी अंथरून, घरचा डबा उघडून माणसं सिनेमा बघतात. आणि 2021 च्या नोव्हेंबरात बीकेसीत, तुमच्या माहेरापासून जवळच, एका मॉलच्या गच्चीवर रिलायन्सने 290 गाड्यांचं नवं ड्राइव्ह-इन सुरू केलं. जमिनीवर परवडत नाही म्हणून गच्चीवर नेलं, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. जाण्याआधी खेळ चालू असल्याची खात्री मात्र करून घ्या.

प्रश्न : गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. जागा नसली की आम्ही पलीकडून बसायचो. नावं उलटी, हिरो डावखुरा. वडील तर मुद्दाम पलीकडे बसायचे, "इकडूनच चित्र चांगलं दिसतं" म्हणायचे. यात काही तथ्य होतं का? (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : कापडावर अवलंबून. जाड चादर असेल तर पुढची बाजूच उजवी. पण मंडळाने पातळ मांजरपाट लावला असेल तर बराच प्रकाश आरपार जातो, आणि मागचं चित्र पुढच्याच्या तोडीचं दिसू शकतं. कापड ओलं केलं तर आणखी फरक पडतो. धाग्यांमधल्या फटी पाण्याने भरतात, प्रकाश मागे कमी परततो, आरपार जास्त जातो. जुन्या काळी पडद्यामागून सिनेमा दाखवणारे कापड मुद्दाम भिजवायचे ते यासाठीच.

पलीकडे बसणाऱ्याला एकच त्रास. 16 एमएमच्या प्रोजेक्टरचा दिवा समोरच असतो, आणि तुम्ही त्याच्या सरळ रेषेत बसलात तर कापडाच्या मध्यावर पांढरा ठिपका डोळ्यांत खुपतो. बरंच बाजूला सरकून तिरपं बसलं की तो जातो. वडील कडेच्या दुकानाच्या पायरीवर बसत असतील, तर त्यांचं म्हणणं खरं होतं.