एनएचएल ड्राफ्टची यादी हंगामाच्या मध्यावर पुन्हा लावताना काय बघावे?

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ दर वर्षी तरुण खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम. प्रश्न असा आहे: "आम्ही मित्र दर वर्षी एनएचएल ड्राफ्टसाठी आपापली पहिल्या 32 खेळाडूंची यादी करतो. वर्ल्ड ज्युनिअर ही तरुणांची जागतिक स्पर्धा संपली की यादी पुन्हा लावायची वेळ येते आणि वाद पेटतो. एकाचे म्हणणे गुणतक्ता बघा, दुसऱ्याचे म्हणणे नुसता खेळ बघा. क्रमांक वर-खाली कशाच्या आधारावर करावा?"

आकडे की डोळे, हा वाद थोडा बाजूला ठेवा. आधी प्रत्येक नावासमोर एवढेच लिहा: ऑक्टोबरपासून हा मुलगा बदलला, की त्याच्या भोवतीची परिस्थिती? मुलगा बदलला असेल तर क्रमांक हलवा. दुखापत, नवा संघ, फळीतले (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या गटातले) जोडीदार, नशिबाचे चार गोल यांच्यामुळे फक्त आकडे हलले असतील, तर हात आवरा. मध्यावरच्या बहुतेक चुकीच्या क्रमवाऱ्या इथेच फसतात.

मॅथ्यू शेफरचे उदाहरण यासाठी सगळ्यात चांगले. 2024-25 मध्ये तो ओएचएल या ज्युनिअर लीगमधल्या एरी ऑटर्सकडून फक्त 17 सामने खेळला आणि बचावपटू असून 22 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास, म्हणजे असिस्ट, मिळून) मिळवले. मग डिसेंबर 2024 मध्ये ओटावाच्या वर्ल्ड ज्युनिअरमध्ये लॅटव्हियाविरुद्ध तो गोलच्या खांबावर आदळला, कॉलरबोन मोडले आणि हंगाम संपला. त्याच वेळी मायकल मीसा त्याच लीगमधल्या सॅगिनॉकडून गोलांचा पाऊस पाडत होता. त्याने 65 सामन्यांत 134 गुणांवर हंगाम संपवला. गुणतक्ता बघणाऱ्याने मीसाला पहिला केला असता आणि त्यात अगदीच चूक नव्हती. पण शेफरच्या बाबतीत त्या 17 सामन्यांनंतर नवे असे काहीच कळले नव्हते, मग त्याला खाली कशाच्या जोरावर ढकलायचे? न्यूयॉर्क आयलँडर्सने त्यालाच पहिला उचलला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो एनएचएलमध्ये खेळू लागला. सामने कमी म्हणजे आपली खात्री कमी. खात्री कमी असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, क्रमांक कापू नका.

आता वय. हा मुद्दा सगळ्यांना माहीत असतो, पण यादी लावताना फार थोडे लोक तो खरोखर वापरतात. ड्राफ्टच्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. शेफरचा जन्म 5 सप्टेंबर 2007 चा, म्हणजे आणखी अकरा दिवसांनी जन्मला असता तर थेट 2026 च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांनी 2015 हुकले आणि 2016 मध्ये तो पहिला निवडला गेला. 2025 च्याच ड्राफ्टमधला पोर्टर मार्टोन 26 ऑक्टोबर 2006 चा, शेफरपेक्षा दहा महिन्यांहून मोठा. सतराव्या-अठराव्या वर्षी दहा महिने म्हणजे एक अख्खा उन्हाळा जिममध्ये, शिवाय बहुधा ज्युनिअरमधला एक जास्तीचा हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाचा ड्राफ्टचा हंगाम हा मेजर ज्युनिअरमधला (ओएचएलसारख्या वरच्या ज्युनिअर लीगमधला) सहसा तिसरा असतो, जुलै-ऑगस्टवाल्याचा दुसरा. म्हणून यादीत जन्मतारखेचा रकाना ठेवा आणि मोठ्या मुलाचा मागचा हंगाम लहान मुलाच्या या हंगामाशेजारी मांडून बघा. बरेच वाद तिथेच मिटतात.

जेम्स हेगन्सच्या बाबतीत हे सगळे एकत्र येते. 2024-25 सुरू होताना अनेकांच्या यादीत तो पहिला होता. बॉस्टन कॉलेजकडून त्याने 37 सामन्यांत 37 गुण केले आणि ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर बॉस्टन ब्रुइन्सकडे गेला. खरे तर 18 वर्षांच्या मुलाने बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूंविरुद्ध सामन्याला एक गुण काढणे ही मोठी गोष्ट. पण आदल्याच वर्षी मॅकलिन सेलेब्रिनीने त्याच दर्जाच्या कॉलेज हॉकीत 38 सामन्यांत 64 गुण केले होते, तेही सतराव्या वर्षी. हेगन्स नोव्हेंबरचा, म्हणजे वयाचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. मी त्याला पहिल्या क्रमांकावरून उतरवले असते, पण तीन-चारच्या खाली नेले नसते. त्याच्या खेळात काही बिघडलेले नव्हते. आपण आधी ठरवलेली उंची त्याने गाठली नाही, एवढेच.

गुण बघायचे तर फोडून बघा. एका गोलवर दोन असिस्ट मिळू शकतात आणि दुसरा असिस्ट पुष्कळदा असाच पदरात पडतो. म्हणून गोल आणि पहिला असिस्ट वेगळे काढा, त्यातले पाच विरुद्ध पाचमधले किती आणि पॉवर प्लेचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) किती ते लिहा. समजा दोघांचे 35 सामन्यांत 40 गुण आहेत. एकाचे 24 गुण पॉवर प्लेवरचे आणि त्यातले दहा दुसरे असिस्ट. दुसऱ्याचे 28 गुण पाच विरुद्ध पाचमधले. यादीत हे दोघे शेजारी बसता कामा नयेत. पुढच्या स्तरावर पहिल्याला पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीत जागा मिळायला वर्षे लागतात आणि तोवर त्याचे गुण आटतात.

फटक्यांची टक्केवारीही काढा. 80 फटक्यांत 20 गोल म्हणजे 25 टक्के, आणि हे सहसा टिकत नाही. 15 टक्के धरले तर 12 गोल होतात. वरचे आठ नशिबाच्या खात्यावर टाका. उलट कोणी 120 फटके मारून आठच गोल केले असतील तर त्याला घाईने खाली आणू नका. इतके फटके मारायला जागा मिळवावी लागते, ते कसब जात नाही.

लीगच्या दर्जाचे गणित बहुतेक जण एनएचएलई या गुणकाने करतात. सामन्यामागचे गुण त्या लीगच्या गुणकाने गुणायचे, म्हणजे एनएचएलमध्ये ते साधारण किती ठरतील याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या प्रसिद्ध तक्त्यात ओएचएलचा गुणक सुमारे 0.3 होता. कांगा लीगचे शतक आणि रणजीचे शतक आपण एका मापाने मोजत नाही, तसेच हे. पण तीन ठिकाणी हा गुणक दगा देतो. पहिले, दुय्यम लीगमधला असामान्य खेळाडू: केल मकार 2016-17 मध्ये अल्बर्टाच्या एजेएचएलमध्ये 54 सामन्यांत 75 गुण करत होता. लीग हलकी म्हणून शंका घेणारे पुष्कळ होते, तरी 2017 मध्ये तो चौथा निवडला गेला आणि आज त्या वर्षाची यादी पुन्हा लावली तर बहुतेक जण त्यालाच पहिला ठेवतील. दुसरे, प्रौढांच्या लीगमधले बचावपटू: मॉरिट्झ साइडरचे मानहाइमकडून जर्मन लीगमध्ये 29 सामन्यांत फक्त 6 गुण होते. डेट्रॉइटने 2019 मध्ये त्याला सहावा घेतला आणि 2022 मध्ये त्याने सर्वोत्तम नवख्याची काल्डर ट्रॉफी जिंकली. बचावपटूचे गुण मी यादीत शेवटी बघतो. तिसरे, लीग बदललेला मुलगा. 2025-26 पासून मेजर ज्युनिअरमधल्या मुलांना अमेरिकन कॉलेजात खेळण्याची वाट मोकळी झाली. गॅव्हिन मॅकेना वेस्टर्न लीगमध्ये 56 सामन्यांत 129 गुण करून पेन स्टेटला गेला. अशा मुलाचे गुण घटणारच, आणि कॉलेजची पातळीही त्यामुळे चढणार, म्हणून जुने गुणक तसेच लावू नका.

वर्ल्ड ज्युनिअरला किती वजन द्यावे? माझ्या मते फारच थोडे. ही वीस वर्षांखालची स्पर्धा आहे, ड्राफ्टच्या वर्षातला मुलगा तिथे बहुधा तिसऱ्या-चौथ्या फळीत खेळतो आणि पदकापर्यंत पोचला तरी सामने सातच. मात्र मोठ्या माणसांविरुद्धचे सात सामने वेगळे. युराय स्लाफकोव्स्कीने 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सात गोल केले, तर फिनलंडच्या लीगमध्ये 31 सामन्यांत त्याचे दहाच गुण होते. माँट्रियलने त्याला पहिला घेतला आणि सुरुवातीपासून पहिला मानला गेलेला शेन राइट चौथ्यावर घसरला. राइटचा 2020-21 चा पूर्ण हंगाम ओएचएलने कोविडमुळे रद्द केला होता, तरी त्याने पुढच्या वर्षी 63 सामन्यांत 94 गुण केले. पंधराव्या वर्षापासून सगळ्यांच्या नजरेत असल्यामुळे त्याच्या खेळातली प्रत्येक उणीव मोजून झाली होती. नवख्याच्या उणिवा अजून कोणी मोजलेल्या नसतात. यादी लावताना स्वतःला विचारा, या मुलाचे किती सामने पाहिले आणि त्या मुलाचे किती.

खेळ बघायचा तर गोलांच्या क्लिपांवर विसंबू नका. एका मुलाचे तीन पूर्ण सामने घ्या, त्यातले दोन नव्या वर्षातले, आणि प्रत्येक शिफ्टमध्ये (बर्फावरच्या एका फेरीत) फक्त त्यालाच बघा. पहिल्या फळीतला मुलगा सामन्याला वीसच्या वर शिफ्ट खेळतो, म्हणजे साठेक शिफ्ट हाताशी येतात. पक (खेळाची रबरी चकती) येण्याआधी मान वळवून मागे बघतो का, उभ्या जागेवरून पहिल्या तीन ढकलांत वेग पकडतो का, निळी रेषा पक ताब्यात ठेवून ओलांडतो की नुसता पुढे टाकून देतो, दोन गोलांनी मागे असताना परत धावतो का, याच्या खुणा कागदावर मारा. बचावपटूचा आपल्या कोपऱ्यातून निघणारा पहिला पास मोजा: दडपणाखाली दहातले किती सहकाऱ्याच्या काठीवर गेले? नोव्हेंबरच्या सामन्याच्या खुणा जपून ठेवल्या असतील तर मुलगा बदलला का, याचे उत्तर या दोन कागदांतूनच मिळते.

मग 32 नावे सलग न लावता पाच-सहा गटांत टाका. वरच्या गटात दोन किंवा तीन, तळाच्या गटात दहासुद्धा चालतील. गटातल्या गटात अदलाबदल गप्पांवर होऊ द्या; गट बदलायचा असेल तर गुणांची फोड आणि पाहिलेले सामने या दोन्हींचा पुरावा मागा. अठरावा आणि सव्विसावा यांच्यात खरा फरक जवळजवळ नसतो, पण त्यावर तासन्‌तास जातात. तो वेळ पहिल्या पाचांना द्या.

गोलरक्षकांना या यादीत घालूच नका. एनएचएलचा सेंट्रल स्काउटिंग हा खेळाडू पारखणारा विभागही उत्तर अमेरिका आणि बाहेरचे, स्केटर आणि गोलरक्षक अशा चार वेगळ्या याद्या काढतो. हेन्रिक लुंडक्विस्ट 205 वा, कॉनर हेलेबक 130 वा, इगोर शेस्टर्किन 118 वा निवडला गेला होता. अठराव्या वर्षी गोलरक्षक ओळखणे एवढे अवघड आहे.

जूनमधल्या कम्बाइनच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक तपासणीच्या, चाचण्यांवरून यादी पुन्हा हलवायचा मोह होईल. तिथे बर्फावर कोणी उतरत नाही, सगळे सायकल आणि व्यायामशाळेतले मोजमाप असते. 2014 मध्ये सॅम बेनेटला तिथे एकही पुल-अप जमला नाही. कॅलगरीने त्याला तरीही चौथा घेतला, आणि 2025 मध्ये फ्लोरिडाकडून खेळताना प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली. कम्बाइनमधून जुन्या दुखापतीची काही बातमी आली तरच यादी उघडा.