सीमोल्लंघनाचं विचारलंस ते

चिनू,

परवा दसऱ्याला तुझ्या हातावर सोनं ठेवलं तर तू म्हणालीस, आई, सीमोल्लंघन म्हणजे दुसऱ्यावर चाल करून जायचं ना, मग ते आपण सेलिब्रेट का करतो? त्याच आठवड्यात शाळेत इराकचं युद्ध शिकवून झालं होतं, म्हणून पुढचं पण विचारलंस, तुमच्या राजांनी पण लोकांना खोटंच सांगितलं असेल ना. 'तुमच्या' म्हणालीस. ते लागलं मला, म्हणून तेव्हा गप्प बसले.

ग्वाल्हेरला आमचा दसरा म्हणजे मांढरे की माता, कंपूतलं देवीचं देऊळ. सकाळी पाटावर विळी, अडकित्ता, आबांची पक्कड, माझी कंपासपेटी, सगळ्यांवर झेंडूचं फूल. संध्याकाळी आबा मला आणि नंदूमामाला जनकगंजातून चालत कंपूला न्यायचे, तिथे ही गर्दी, शिंदे महाराज शमीला तलवार लावायचे आणि पानं पडली की लोक तुटून पडायचे. नंदूमामा मूठभर आणायचा, अर्धी चुरगळलेली. घरी आलो की उंबऱ्याबाहेरच थांबायचं, माई ताम्हन घेऊन यायची, औक्षण झालं की मग आत. आमचं सीमोल्लंघन एवढंच गं, कंपूपर्यंत जाऊन परत.

पण औक्षण करतात ते लढाईवरून परत आलेल्यांचं, हे मला तू विचारल्यावर सुचलं. पाऊस सरला, नद्या उतरल्या की दसऱ्याला फौजा मुलुखगिरीला निघायच्या, चौथाई वसूल करायला. निदान ते लपवत नव्हते असं मी तुला सांगणार होते, पण ज्याचं घर लुटलं त्याला त्याचं काय. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालमध्ये गेले, त्यांना तिथे बर्गी म्हणायचे, आणि तिकडच्या अंगाईत ते बर्गी अजून येतात. हे मी इथे आल्यावर एका बंगाली मैत्रिणीकडून ऐकलं.

आणि खोट्याचं म्हणशील तर मीच फसले होते. फेब्रुवारी २००३, मला लीड्सला येऊन सहा महिने झाले होते, टीव्हीवर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत छोटीशी बाटली हातात धरून बोलत होते, इराककडे जैविक अस्त्रं आहेत म्हणून ती बनवायच्या ट्रकमधल्या फिरत्या लॅब दाखवत होते. मला पटलं. आबा फोनवर म्हणाले, अगं ते फोटो कुठेयत, ती तर कोणीतरी काढलेली चित्रं आहेत. मी चिडून म्हटलं, एवढा मोठा माणूस जगासमोर खोटं कशाला बोलेल. आबा काही बोलले नाहीत.

त्या लॅबची गोष्ट मुख्यतः एका इराकी माणसाने सांगितलेली होती आणि ती आपण रचली होती असं त्याने २०११ मध्ये कबूल केलं. इथल्या ब्रिटिश सरकारने तर सप्टेंबर २००२ मध्येच छापलं होतं की सद्दामची काही शस्त्रं ४५ मिनिटांत तयार होतात. गुप्तहेरांच्या कागदात जिथे 'बहुतेक', 'असावं' होतं ते लोकांपुढे येईपर्यंत गळून गेलं. १८ मार्च २००३ ला इथल्या पार्लमेंटमध्ये युद्धाच्या बाजूने ४१२ विरुद्ध १४९ मतं पडली, दोनच दिवसांत युद्ध सुरू, आणि शस्त्रांचे ते साठे सापडलेच नाहीत. या युद्धाची सरकारी चौकशी केलेल्या चिलकॉट साहेबांचा रिपोर्ट आला २०१६ मध्ये, की एवढ्या खात्रीने सांगण्यासारखं काही हातात नव्हतं. तोवर १७९ ब्रिटिश जवान गेले होते, इराकी माणसं लाखाच्या वर. त्यांच्या उंबऱ्यात कोणी ताम्हन घेऊन थांबलं असेल का, हे तेव्हा माझ्या मनात पण आलं नव्हतं.

म्हणून पुढच्या वर्षी सोनं घे म्हणून मी मागे लागणार नाही. मी देत राहीन, मला त्यात माई दिसते. शनिवारी आबांशी बोलशील तेव्हा बर्गींचं त्यांनाच विचार, मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि त्या फोनबद्दल मी त्यांना अजून सॉरी म्हटलेलं नाहीये, तेव्हा तुझं झालं की फोन मला दे.

आई