गच्चीवरची लूप की बागेतली लांब तार?

प्रश्न : यावल तालुक्यातील आमच्या गावी मी रात्री मध्यम लहरी आणि लघुलहरींवरील दूरची केंद्रे ऐकतो. अंगणात 20 मीटर तार बांधल्यावर आवाज वाढला, पण खरखरही तितकीच वाढली. आता गच्चीवर मीटरभर व्यासाची लूप अँटेना (तारेच्या वेटोळ्याची) बसवावी, की केळीच्या बागेत 60 मीटर तार ओढावी?

उत्तर : आधी एक परीक्षा करून पाहावी. सेलवर चालणारा रेडिओ लावून घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर निवळली, तर उपद्रव घरातल्याच एलईडी दिव्याचा, चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा आहे. न निवळल्यास भारनियमनाच्या वेळी पुन्हा ऐकावे, म्हणजे शेजाऱ्यांचा वाटाही कळतो. घराजवळची लांब तार केंद्राबरोबर हा कचराही गोळा करते, आणि ऐकू येणे हे संकेताच्या जोरावर नव्हे, तर संकेत खरखरीच्या किती वर उठतो यावर ठरते.

लूपचा खरा गुण इथेच दिसतो. उभी लूप तिच्या कडांच्या दिशेने उत्तम ऐकते आणि सपाट बाजूंच्या दिशेला जवळजवळ बहिरी असते. त्यामुळे ती हाताने हळूहळू फिरवल्यास एका ठिकाणी खरखर अचानक बसते आणि मागचे मंद केंद्र वर येते. गँग (केंद्र जुळवण्याचा फिरता कंडेन्सर) लावलेली लूप प्रत्येक केंद्राला नव्याने जुळवावी लागते, हे मात्र कंटाळवाणे आहे.

बागेतली तार घरापासून आणि वीजवाहिनीपासून खरोखर दूर नेता येत असेल, तर लघुलहरींवर ती लूपला सहज मागे टाकेल. तिथल्या 49 मीटर बँडवर अर्ध्या लहरीएवढी तार सुमारे 24 मीटरच भरते, म्हणजे 60 मीटर पुरून उरते. मध्यम लहरींवर मात्र 1000 किलोहर्ट्झची लहर 300 मीटरची असल्याने आपली 60 मीटर तार आखूडच ठरते. अशा लहरींसाठी 1921 साली पेटंट मिळालेली बेव्हरेज नावाची लांब तार-अँटेना आहे; ती जमिनीलगत निदान लहरभर लांब ओढतात. पण ती कोरड्या, खडकाळ जमिनीवर अधिक चांगली चालते, आपल्या ओल्या काळ्या मातीवर तितकी नाही.

माझ्या मते आधी लूप करावी. तार ओढलीच, तर नऊस एक ट्रान्सफॉर्मर (तार आणि केबल यांचा मेळ घालणारा) व कोअॅक्सियल केबलने संकेत घरी आणावा, अर्थिंगची सळई बागेतच ठोकावी, आणि रोहिणीतल्या वळवाच्या ढगांची चाहूल लागताच केबल रेडिओपासून सोडवून घराबाहेर ठेवावी.