गाणाऱ्या लेकीला कॉन्व्हेंटमध्ये पाठवू का?

प्रश्न : बाई, माझी मुलगी २३ वर्षांची आहे. गाण्याची मध्यमा झाली आहे आणि रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गायनमंडळ तीच सांभाळते. नाताळात तिने सांगितलं, ‘आई, मला सिस्टर व्हायचंय.’ म्हणजे व्रतं घेऊन कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरांच्या मठात, राहायचं. आम्ही कॅथलिक. नको म्हणताना माझी जीभ अडते. पण इतक्या वर्षांची तालीम, तो गळा, सगळं भिंतीआड जाणार का, या विचाराने झोप लागत नाही. तिच्या वडिलांनी तर बोलणंच टाकलं आहे. तुम्ही काय सांगाल?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून झालं आणि मी पेटीवरचं फडकं काढून काही न वाजवता तशीच बसून राहिले. माझी थोरली बहीण, आमची अक्का, १९७६ साली अशीच निघाली होती. मिरजेच्या स्टेशनवर आईने तिच्या हातात दशम्यांची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, ‘गळा जप.’ गाडी सुटेपर्यंत दुसरा शब्द बोलली नाही.

तुमची भीती खोटी नाही, हे आधीच सांगते. पहिली सहा वर्षं अक्काला कोणी ‘गा’ म्हटलं नाही. तिच्याकडे कोठीच्या किल्ल्या होत्या. डाळ-तांदूळ मोजायचे, हिशेब लिहायचा. सुट्टीला आली की आई विचारायची, ‘गातेस ना?’ आणि अक्का विषय बदलायची. त्या वर्षांचा राग मला अजून येतो. मुलीने आज्ञापालनाचं व्रत घेतलं, तर तिच्यापाशी काय आहे हे ओळखायची जबाबदारी आज्ञा देणाऱ्यावर येते. तिथे ती कोणी उचलली नाही.

पण गाणं गेलं नव्हतं. कोठीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर ती ओळी लिहीत होती. त्यातली एक चिठ्ठी माझ्याकडे आहे. पुढे ‘तूरडाळ ५ किलो, गूळ २ ढेपा’, मागे ईस्टरच्या गाण्याचं ध्रुपद. योहानाच्या शुभवर्तमानात मारिया माग्दालेन येशूच्या कबरीपाशी जाते ती अजून अंधार असतानाच. अक्काच्या कॉन्व्हेंटशेजारी हळद शिजवायला बायका पहाटे चारला यायच्या, चुलाण पेटवायच्या. अक्काने मारियेला त्या धुरातून, त्या बायकांच्या मधून चालवत कबरीपर्यंत नेलं. येशूचं पुनरुत्थान पहिल्यांदा एका बाईला कळलं, हे मला प्रवचनांतून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या चार ओळींतून कळलं.

पुढे ती गाणी बसवू लागली तेव्हा आधी स्वयंपाकघरातल्या मावशींना म्हणायला लावायची. एका ओळीत ‘अनुग्रह’ होता. मावशींच्या तोंडी त्याचा ‘अनुगरा’ व्हायचा आणि समेवर येईपर्यंत श्वास संपायचा. अक्काने तिथे ‘दया’ घातलं आणि ‘या’वर दोन मात्रा थांबायला जागा दिली. फादर म्हणाले, ‘सिस्टर, अनुग्रह आणि दया एक नव्हेत.’ अक्का म्हणाली, ‘नाहीतच, फादर. म्हणून तर दुसऱ्या कडव्यात न मागता मिळालेली भाकरी आणली आहे.’ ताई, धर्मशास्त्र हे असंही लिहिता येतं.

तुमच्या मुलीला गाणी रचणाऱ्या सिस्टर मिरियम थेरेस विंटर यांच्याबद्दल जरूर सांगा. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या. १९५५ साली त्या मेडिकल मिशन सिस्टर्समध्ये गेल्या. या संस्थेचं मूळ आपल्या उपखंडात आहे. ॲना डेंगेल नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत काम करत होत्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नसत आणि उपचारावाचून मरत. ते पाहून त्यांनी १९२५ मध्ये वॉशिंग्टनला ही संस्था काढली. अशा दवाखान्यांच्या संस्थेत मिरियम थेरेस गाणी करू लागल्या. वेळही तशी आली होती. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेबद्दलचा दस्तऐवज काढला, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत येऊ लागली आणि लोकांच्या तोंडी बसतील अशी गाणी कमी पडू लागली. १९६६ मध्ये त्यांची ‘जॉय इज लाइक द रेन’ ही तबकडी निघाली. गिटारवर म्हणता येतील अशी, बायबलातल्या गोष्टींवरची साधी गाणी. ती देशोदेशीच्या चर्चमध्ये पोचली.

त्या तिथे थांबल्या नाहीत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. चर्चमध्ये गायचं ते कशासाठी, या प्रश्नावर त्यांनी प्रिन्स्टनला डॉक्टरेट केली, हार्टफर्डच्या सेमिनरीत प्राध्यापक झाल्या. मधल्या काळात कंबोडियातून पळालेल्या निर्वासितांच्या छावणीत राबल्या, दुष्काळातल्या इथिओपियात गेल्या. मग बायबलमधल्या एकेका बाईला शोधून, ज्यांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांनाही धरून, तिच्या नावाची प्रार्थना आणि स्तोत्र रचलं. १९९० ते १९९२ मध्ये त्याचे तीन खंड निघाले. व्रत घेतल्यानं हे सगळं अडलं नाही.

आणि गाण्यावर बंदीच आली तर? जर्मनीतल्या बिंगेनची हिल्डेगार्ड मठाची प्रमुख होती, गाणी रचायची. तिच्यावर ती आली होती, ११७८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. बहिष्कृत ठरवलेल्या एका माणसाला मठात पुरलं म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी मठातलं गाणंच बंद केलं. तो मरणापूर्वी चर्चमध्ये परत आला होता, असं तिचं म्हणणं. तिने प्रेत उकरू दिलं नाही. पत्र लिहून कळवलं की देवाची स्तुती विनाकारण बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या देवदूतांच्या गाण्यात वाटा मिळणार नाही. पुढच्या वर्षी बंदी उठली, त्याच सप्टेंबरात ती गेली. २०१२ मध्ये पोपनी तिला चर्चची आचार्य ठरवलं.

आता व्यवहाराचं. नोविशिएट, म्हणजे व्रतांआधीचा शिकाऊ काळ, निदान बारा महिन्यांचं असतं. मग पहिली व्रतं मुदतीची, तीन ते सहा वर्षांची. मुदत संपली की ती मोकळेपणाने घरी येऊ शकते. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षाच्या आत कायमचं काही होत नाही, हे तिच्या वडिलांना सांगा. पुढे तिच्या गाण्यातून पैसे आले तर ते संस्थेचे, तिचे नव्हेत. हेही आत्ताच सगळ्यांना माहीत असू द्या. आणि मुलीबरोबर त्या कॉन्व्हेंटमध्ये एक दिवस जा. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसा आणि ऐका. एकटीच गाते की सगळ्या? नव्या मुलींचे आवाज ऐकू येतात का? तिथल्या प्रमुख मदर सुपिरियरना सरळ विचारा, ‘माझी मुलगी गाते. तुम्ही तिला गाऊ द्याल?’ आमच्या आईने हे विचारलं नाही. विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

स्टेज तिला सोडावं लागेल. त्याचं दुःख होईल, तुम्हाला तिच्याहून जास्त. तानपुरा मात्र बरोबर द्या.

प्रश्न : रेव्हरंड टिळकांची भजनं कॅथलिक मिस्सात म्हटली तर चालतात का?
– एक वाचक, कराड

उत्तर : टिळकांचं नातं तुमच्या जिल्ह्याशीही आहे! ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडलं आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. ते प्रॉटेस्टंट होते, पण त्यांची भजनं मी कॅथलिक चर्चमध्ये डोळे पुसत म्हणणारी माणसं पाहिली आहेत. वर सांगितलेल्या १९६३ च्या दस्तऐवजातच आहे की ज्या लोकांचं स्वतःचं संगीत आहे, त्याला उपासनेत जागा द्यावी. मिस्सातल्या गीतांना मान्यता लागते, म्हणून शब्द आधी फादरांना दाखवा. पट्टी पांढरी एक ठेवा आणि वरच्या ‘सा’च्या पुढे नेऊ नका. मागच्या बाकावरच्या आजीला तिथवरच पोचता येतं.