वजन ठीक असलं तरी डॉक्टरकडे न्या

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सतरा वर्षांची, वजन ठीकठाक, पण कॉलेजचा डबा तसाच परत येतो. रात्री मात्र फरसाणाचा अख्खा पुडा संपवते आणि लगेच नळ सोडून बाथरूममध्ये बसते. घरचे म्हणतात, थेरं आहेत. थेरं नाहीत हो, हा आजार असू शकतो.

वजनावर जाऊ नका. खाण्याशी निगडित असे दोन मानसिक आजार आहेत. ॲनोरेक्सियात वजन वाढेल या भीतीने खाणंच तोडलं जातं, पोरगी खंगते, ते डोळ्यांना दिसतं. बुलिमियात ताबा सुटून खायचं, मग उलटी काढायची, जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या किंवा कडक उपास करायचा, असं चक्र चालतं आणि वजन बहुतेकदा नेहमीइतकंच राहतं. तिच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे दिसतात का, जबड्याच्या कोपऱ्याशी सूज आहे का, हे बघा. घशात बोटं घालताना दात लागून तसे घट्टे पडतात. ते नसले म्हणून मात्र निर्धास्त राहू नका.

आपल्या घरांत हे झाकायला जागा भरपूर. आज सोमवार, उद्या चतुर्थी. उपास म्हटलं की कोणी विचारत नाही, उलट कौतुकच होतं. उपासाची खिचडीसुद्धा नको म्हणत असेल तर मला काळजी वाटते.

'जिभेवर ताबा ठेव' असं तिला कृपा करून म्हणू नका. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग झाला. त्यांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवलं, तर अन्नाशिवाय काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना थांबताच येईना. उपाशी शरीर असंच वागतं. दिवसभर डबा न खाल्लेली मुलगी रात्री फरसाणावर तुटून पडते त्यात तिचा दोष नाही.

आधी फिजिशियनकडे नेऊन रक्त आणि ईसीजी तपासा. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मग मानसोपचारतज्ज्ञ. मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. या वयात घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा चांगला उपयोग होतो, म्हणून तिच्या बाबांनाही न्याच. आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मधेच चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा उलटीत रक्त दिसलं तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या आणि उलट्यांचं तिथे स्पष्ट सांगा.