बस 7 ला, कार 8 ला: 9:35 का चुकतं

तुमचं गणित असं: इंदूर-भोपाळ 190 किमी धरलंय. बस इंदूरहून 7 ला निघाली, ताशी 50. कार भोपाळहून 8 ला, ताशी 70. भेट कधी? तुम्ही 190 ला 120 ने भागून 1 तास 35 मिनिटं काढलीत आणि आता 8:35 की 9:35, यावर अडलात. दोन्ही नाही. माझे सगळ्यात जास्त मार्क याच चुकीने खाल्लेत, म्हणून लिहितोय.

वेगांची बेरीज दोघंही धावत असतील तेव्हाच लावायची. 7 ते 8 कार उभीच आहे. तो तास आधी निकालात काढा: बस 50 किमी आली, उरले 140. आता घड्याळ 8 वर. 140 भागिले 120, म्हणजे 1 तास 10 मिनिटं. भेट 9:10 ला.

ताळा करा. 9:10 पर्यंत बस 108.3 किमी, कार 81.7, बेरीज 190. आता 9:35 घालून बघा: बेरीज 240 येते. 50 जास्त, म्हणजे बसचा तो पहिला तास मोजायचाच राहिला. 8:35 ला बेरीज 120, 70 कमी: कार न धावताच तिचा एक तास धरला गेला.

इंदूरमधल्या भंवरकुव्याच्या एका क्लासमध्ये (नाव नको) "समोरासमोर तर बेरीज, मागोमाग तर वजाबाकी" एवढंच घोकवतात. शंका विचारली की म्हणे, पर्याय बघून उडवा. अहो, पर्यायांत ही दोन्ही चुकीची उत्तरं मुद्दाम ठेवलेली असतात!

पाठलागातही तेच. चोर ताशी 12 ने 15 मिनिटं आधी पळाला, म्हणजे 3 किमी पुढे. पोलीस ताशी 16, वेगातला फरक 4. 3 भागिले 4, 45 मिनिटं. पण ही पोलीस निघाल्यापासूनची. चोर पूर्ण तास धावलाय. प्रश्नात कोणाचा वेळ विचारलाय त्याखाली रेघ ओढा.

जाता जाता आगगाड्यांचं. 150 आणि 200 मीटरच्या गाड्या, ताशी 54 आणि 36, समोरासमोर: वेग 90, 5/18 ने गुणून सेकंदाला 25 मीटर. एकमेकींना ओलांडायला 350 भागिले 25, 14 सेकंद. पण 150 वालीच्या खिडकीतला माणूस विचारला असेल तर फक्त समोरचीची लांबी, 8 सेकंद. मी काही गणिताचा मास्तर नाही, पण "प्रवाशाला" हा शब्द दिसला की थांबाच.