पेपरला तीन तास लागतात, मराठी पेपर बंद करू का?

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईजवळच्या एका गावात राहते, बीएस्सी झालंय, यूपीएससीचं पहिलंच वर्ष. सगळे म्हणतात इंग्रजी पेपरच वाच, मराठीने काही होत नाही. म्हणून इंग्रजी लावला, तो एसटीने येतो, हातात पडेपर्यंत अकरा वाजतात आणि डिक्शनरी घेऊन बसलं की दोन वाजतात. कात्रणांच्या तीन फायली झाल्यात पण एकही परत उघडलेली नाही. घरी मराठी पेपर येतो तो बंद करू का?

उत्तर : नको गं, अजिबात बंद करू नकोस. पूर्वपरीक्षेचा पेपर हिंदी आणि इंग्रजीतच येतो त्यामुळे इंग्रजी शब्दांची सवय लागणारच, ते खरंय. पण मुख्य परीक्षा तू मराठीतून लिहू शकतेस, फक्त इंग्रजीचा पात्रता पेपर सोडून. तिथे सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला तीन तासांत २० प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम नऊ मिनिटं, तेव्हा राजकोषीय तूट, संघराज्य, साठवणूक मर्यादा हे शब्द आठवत बसायला वेळच नसतो, ते रोज डोळ्याखालून गेलेले असले तरच हाताला येतात. आणि शेती, पाणी, जिल्हा परिषद, ऊसतोड हे तुझ्या मराठी पेपरात जितकं सापडेल तितकं दिल्लीच्या पेपरात नाही सापडणार.

आता वेळेचं. तुला तीन तास लागतात ते इंग्रजीमुळे कमी आणि सगळंच वाचतेस म्हणून जास्त, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय. कोण कोणाला काय बोललं, कोण कुठल्या पक्षात गेलं, हे सरळ सोड. सिलॅबसची प्रिंट आणि मागच्या पाच-सहा वर्षांचे प्रश्न शेजारी ठेव, बातमी त्यात कुठे बसते ते दिसलं तरच पुढे वाच.

कांद्याचंच घे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर विकता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, मग १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. तू ही पाच कात्रणं पाच तारखांना कापून वेगवेगळी लावली असशील तर त्याचा काही उपयोग नाही. एकच पान कर, वर ‘कांदा’ लिही, खाली तारखा. मग बाजूला प्रश्न लिही : शेती राज्यसूचीत आहे तर निर्यातबंदी दिल्लीतून कशी लागते? कारण परदेशी व्यापार केंद्रसूचीत आहे. म्हणजे लासलगावला भाव पडला की शेतकरी जातो कलेक्टर ऑफिसला पण निर्णय असतो केंद्राच्या वाणिज्य आणि अर्थ मंत्रालयात. झालं, सामान्य अध्ययनाचा पेपर दोन (राज्यव्यवस्था) आला. सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या नाफेडचा बफर साठा, शहरातल्या ग्राहकाची महागाई आणि शेतकऱ्याचा भाव यातली ओढाताण, हा पेपर तीन (अर्थव्यवस्था). एका पानात दोन पेपर झाले आणि हे तू तुझ्या शब्दांत सांगू शकतेस, कारण तू हे बघत मोठी झालीयेस.

इंग्रजी पेपर एक तास, त्यातही संपादकीय रोज एकच पण नीट, लेखकाचा मुद्दा काय आणि त्याच्या विरुद्ध काय म्हणता येईल हे दोन-तीन ओळीत मराठीत लिहून. पेपर उशिरा येतो याचं टेन्शन नको घेऊ, कालचा पेपर आज सकाळी वाचला तरी परीक्षेत काहीच फरक पडत नाही, उलट सकाळचं ताजं डोकं मिळतं. मराठी पेपर चहाबरोबर वीस मिनिटं. सरकारी योजनेचे आकडे मात्र पीआयबीवरून, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या साइटवरून तपासून घे, ते मराठीतही असतं.

त्या तीन फायलींमधून या रविवारी फक्त पाण्याची कात्रणं बाहेर काढ, मराठवाड्याचीच, आणि कांद्यासारखं एक पान कर. झालं की पाठव मला, मी वाचून कळवते.